पोट लहान केलं, बकाबका खाणं सुटलं? एका फिरत्या मेसेजचा प्रतिवाद

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल एक मेसेज फिरतोय. आशय असा: पोट कापून लहान केलं की बकाबका खाणं शक्यच राहत नाही. तरी कुणी खाल्लंच तर टाके तुटतात, म्हणून उलटी काढून टाकावी. वजन परत वाढलं तर पोट ताणलं समजावं आणि पाच दिवस फक्त पातळ घेऊन ते ‘रिसेट’ करावं. हे न जमणाऱ्याचा जिभेवर ताबा नाही, त्यासाठी डोक्याच्या डॉक्टरकडे जायचं कारण नाही.

ऑपरेशन झालेला माणूस हे वाचून गप्प बसतो आणि लपून खायला लागतो. म्हणून एकेक दावा तपासून घेऊ.

‘पोट एवढंसं उरल्यावर बकाबका खाताच येत नाही’

स्लीव्ह ऑपरेशनात पोटाचा 75 ते 80 टक्के भाग काढतात. उरते ती जळगावच्या केळ्याच्या घाटाची नळी, साधारण 100 ते 150 मिलीची. बायपासमध्ये (हृदयाचा नव्हे, पोटाची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन) वरची पिशवी त्याहून लहान, 30 मिलीच्या आसपास. एका बैठकीत परातभर जेवण मावत नाही, इथवर मेसेज बरोबर आहे.

पण बिंज, म्हणजे बकाबका खाण्याचा आजार, ठरवताना डॉक्टर दोन गोष्टी पाहतात: थोड्या वेळात, साधारण दोन तासांत, नेहमीपेक्षा खूप जास्त खाणं, आणि खाताना ‘आता थांबता येत नाही’ असं वाटणं. ऑपरेशनने पहिलीवर बंधन येतं. दुसरीला सुरी लागतच नाही. त्यामुळे ऑपरेशननंतर ‘किती खाल्लं?’ यापेक्षा ‘थांबवता आलं का?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अर्धी वाटी चिवडासुद्धा ताबा सुटून खाल्ला असेल तर तो आजाराचाच भाग.

पहिलं वर्ष फसवं असतं. स्लीव्हमध्ये भूक लावणारं घ्रेलिन संप्रेरक जिथे जास्त तयार होतं तोच भाग निघून जातो, भूक मंदावते, काटा खाली येत राहतो. आधी बिंज करणाऱ्यालाही वाटतं, सुटलो. काहींच्या बाबतीत दीड-दोन वर्षांनी ते परत येतं, आणि वेष बदलून येतं: एकदम न खाता दिवसभर चरत राहणं.

याचं यंत्र साधं आहे. उकडलेलं अंडं, चिकन, घट्ट उसळ नळीत थांबते आणि पोट भरल्याचं कळतं. शेव, केळ्याचे वेफर्स, खारी, बिस्किटं तोंडातच विरघळतात आणि नळीतून सरकून जातात. शेवेच्या 100 ग्रॅमला साधारण 550 कॅलरी धरा. सकाळी 11 पासून रात्री झोपेपर्यंत चार हप्त्यांत 200 ग्रॅमची पुडी संपली तर 1100 कॅलरी गेल्या, आणि पोट एकदाही भरलं नाही. शेवभाजीतही तेच: शेव रश्श्यात भिजते, वरून रस्सा पिला की सगळं खाली उतरतं. वरणात कुस्करलेली बट्टी तशीच. म्हणून जेवताना आणि जेवणानंतर 30 मिनिटं पाणी नको हा नियम काटेकोर पाळायचा, त्यात ताक आणि रस्सा पिणंही आलं.

दुसरा सापळा गोडाचा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दुपारी 1 वाजता आमरस-पुरणपोळी झाली, की साखर झपाट्याने आतड्यात पोचते आणि इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं. एक ते तीन तासांत घाम, थरथर, घाबरं होणं, आणि अनावर भूक. त्या भुकेपोटी माणूस पुन्हा गोड खातो आणि चक्र दुसऱ्यांदा फिरतं. हा त्रास बायपासमध्ये जास्त, पण स्लीव्हवाल्यांनाही होतो. घरच्यांना मात्र तो हावरटपणा वाटतो. अशा वेळी ग्लुकोमीटरवर साखर बघा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि साखर वर आली की लगेच पनीर-अर्धी पोळी असं काही. नुसती साखर घेऊन थांबलं तर ती परत घसरते. असं वारंवार झालं तर नोंदी घेऊन सर्जनकडे जा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी त्यांचा डोस तपासून घ्या.

‘जास्त खाल्लं तर टाके तुटतात, उलटी करून टाका’

हे टाके टायटॅनियमच्या स्टेपलचे असतात. गळतीची भीती मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत. त्या काळात ताप, नाडी जलद, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं असेल तर घरी थांबू नये. दोन वर्षांनी शेवेची पुडी खाल्ली म्हणून टाका तुटत नाही.

उलटी काढणं मात्र खरंच धोक्याचं. पोटॅशियम घटतं, दातांचा थर झिजतो, स्लीव्हमध्ये आधीच वाढणारी जळजळ आणखी वाढते. कारण काहीही असो, उलट्या चालूच राहिल्या तर व्हिटॅमिन बी-1 (थायमिन) संपू शकतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. दोन दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. तालुक्याच्या दवाखान्यात सलाइन लागण्याआधी नातेवाइकाने एवढं सांगावंच: ‘वजनाचं ऑपरेशन झालंय, इतक्या दिवसांपासून उलट्या आहेत, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या.’ बायपास झालेल्याला पोटात जोराची कळ वारंवार येत असेल तर आतडं अडकलेलं असू शकतं. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं.

‘पाच दिवस पातळ घेतलं की पोट रिसेट होतं’

होत नाही. स्लीव्हची नळी काही वर्षांत थोडी सैल होते हे खरं, पण पाच दिवस सूप पिऊन ती आकसल्याचा पुरावा नाही. नळी किंवा पिशवी फार मोठी झाली आहे का हे बेरियमच्या एक्स-रेवर किंवा दुर्बिणीने कळतं, अंदाजाने नाही. शिवाय सर्वांत कमी वजन साधारण एक ते दोन वर्षांत दिसतं, त्यानंतर थोडं वाढणं अपेक्षितच असतं. वजन जास्त वाढण्यामागे थायरॉइड, स्टेरॉइड, काही मानसिक आजारांची औषधं, दारू हेही असू शकतं.

या रिसेटवर आमचा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र वेगळाच आहे. उपाशी ठेवणं हेच बिंजचं सरपण. पाच दिवस दाबून ठेवलेली भूक सहाव्या दिवशी उसळते, मग अपराधी वाटतं, मग पुढचं जेवण टाळलं जातं, आणि संध्याकाळी पुन्हा डबा उघडतो. उपाय नेमका उलटा आहे: वेळेवर खाणं. तीन जेवणं, दोन-तीन छोटे खाऊ, दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नको.

ऑपरेशनला वर्ष उलटलेल्याचा दिवस साधारण असा बसतो. सकाळी 8 ला दोन अंडी. 11 ला 30 ग्रॅम भाजलेले चणे. दीड वाजता 70 ग्रॅम चिकन, मग दोन-तीन चमचे वांग्याचं भरीत, आणि सगळ्यात शेवटी चतकोर कळण्याची भाकरी. 5 ला 50 ग्रॅम पनीर. 8 ला 25 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांची भाजी, झोपण्याआधी कपभर दूध. यातून 60 ग्रॅमच्या वर प्रथिनं जातात, रोजचं लक्ष्य 60 ते 80. शाकाहाऱ्याने अंडं-चिकनच्या जागी मुगाची धिरडी, चक्का, घट्ट डाळ घ्यावी, कमी पडलं तर पावडर. घास लहान, जेवण 20 ते 30 मिनिटांचं. पाणी दिवसभरात दीड ते दोन लिटर, पण जेवणांच्या मधे.

जोडीला वही. किती कॅलरी हे लिहायचं नाही. नोंद अशी हवी: ‘सं. 6.40. शेव, दोन मुठी. ओट्यापाशी उभ्याने. ताबा: सुटला. आधी: दुपारी 12 नंतर काही नाही, दुकानात गिऱ्हाइकाशी वाद.’ दोन आठवडे अशा ओळी जमल्या की बहुतेकांची एक ठरावीक वेळ उघडी पडते. मग 5 चा खाऊ चुकवायचा नाही, एवढी एक दुरुस्ती आधी.

ऊर्मी आलीच तर स्वयंपाकघराबाहेर पडून 20 मिनिटं काढा, फोन करा, गल्लीत फेरी मारा. ती चढते तशी ओसरतेही. नाहीच ओसरली तर 30 ग्रॅम वाटीत काढा, पुडी बांधून ठेवा, बसून खा. उभ्याने पुडीतून खाण्यात माप राहत नाही. आणि घसरलं तरी पुढचं जेवण वेळेवरच. वजन आठवड्यातून एकदा.

कानबाईच्या सणातल्या रोटांचा, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांचा, प्रश्न हमखास निघतो. रोट घरातच संपवायचे असतात, आणि ‘घे ना भो, प्रसादाला नाही म्हणतात का’ हा आग्रह ठरलेला. आधी अर्धी वाटी चक्का, मग चतकोर रोट, खीर चमचाभर. प्रसाद पोचतो. ताटात किती वाढायचं हे आदल्या दिवशीच वाढणाऱ्या काकू-वहिनीला सांगून ठेवावं. पंगतीत बसल्यावर सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

‘जिभेवर ताबा ठेवा, डोक्याच्या डॉक्टरची गरज नाही’

बिंज हा मान्यताप्राप्त आजार आहे आणि त्यावर सर्वाधिक तपासलेला उपचार म्हणजे वागणूक-विचारांवर काम करणारी सीबीटी ही पद्धत. वर सांगितलेली वही आणि वेळापत्रक तिथूनच आलेलं आहे. सोबत नैराश्य असेल तर औषधही लागू शकतं. बायपासनंतर हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या नीट शोषल्या जातीलच असं नाही, म्हणून मनोविकारतज्ज्ञाला ऑपरेशनचा प्रकार सांगायला विसरू नये. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे मनोविकार विभागात दाखवता येतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

दारूचंही इथेच सांगायला हवं. शेव सुटली आणि क्वार्टर लागली असं होऊ शकतं. बायपासनंतर तेवढीच दारू लवकर आणि जास्त चढते, व्यसनाचा धोका दुसऱ्या वर्षापासून वाढतो. हे प्यायला बसणाऱ्या मित्रांनाही माहीत असलेलं बरं.

आपल्याकडे ऑपरेशन बहुधा नाशिक, मुंबई, सुरत किंवा इंदूरला होतं आणि दोन वर्षांनी तपासणीला जाणं सुटतं. वजन वाढल्याची लाज वाटते हे त्याचं एक मोठं कारण. जाताना वहीची शेवटची दोन पानं, बी-12, लोह, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइडचे रिपोर्ट घेऊन जा, आणि पहिलं वाक्य हे ठेवा: ‘खाताना थांबता येत नाही.’ नुसतं ‘वजन वाढलं’ म्हटलं तर हातात पुन्हा एक डाएटचा कागद मिळेल.