घरपट्टी भरली म्हणून कचरा परका होत नाही

गोव्याच्या गावागावांतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा : आम्ही घरपट्टी भरतो, म्हणून कचरा ही पंचायतीची जबाबदारी. कायदे शहरांसाठी आहेत. आपल्या भाटात (माडांच्या बागेत) जाळला तर कोणी विचारू शकत नाही. घाण करतात ते पर्यटक. आणि वेगळा केला तरी गाडीत सगळे एकत्रच होते. यातली शेवटची तक्रार काही ठिकाणी खरी आहे. बाकीचे वाचून लोक तसे वागू लागतात, म्हणून हे लिहितो आहे.

घरपट्टी हा घरावरचा कर. कचऱ्याचे कर्तव्य त्याने फिटत नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत पंचायत-पालिकेच्या कामांआधी, चौथ्याच नियमात, कचरा करणाऱ्याची कामे लिहिली होती. ओला, सुका आणि घरगुती घातक असे भाग घरातच करायचे, डायपर आणि पॅड गुंडाळून द्यायचे, बांधकामाचा राडारोडा वेगळा ठेवायचा, ठरलेले शुल्क भरायचे. त्यांच्या जागी आलेल्या 2026 च्या नव्या नियमांनी तिनाचे चार भाग केले : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. घरासमोर मांडव घालून शंभरावर माणसांचे जेवण करायचे तर पंचायतीला तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावे, हेही 2016 च्या नियमांत होते.

कायदे शहरांपुरते, हेही चूक. न कुजणारा कचरा उघड्यावर टाकण्याविरुद्ध गोव्याचा स्वतःचा कायदा 1996 पासून आहे आणि तो पेडण्यापासून काणकोणपर्यंत लागू आहे.

भाटातल्या जाळण्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण ही सवय जुनी आहे. चुडते (माडाच्या झावळ्या), सोडणे (नारळाची सालपटे), पालापाचोळा आपल्या आज्यांनीही जाळला. पण त्या ढिगात तेव्हा दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, चिप्सची पाकिटे नव्हती. कमी आचेवर धुमसणाऱ्या प्लॅस्टिकमधून, विशेषतः पीव्हीसीमधून, डायॉक्सिनसारखी विषे निघतात. राख पावसाबरोबर झिरपत विहिरीकडे जाते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर पूर्ण बंदी घातली : साध्या जाळण्याला 5,000 रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000. कचऱ्याच्या आगीचे मोठे रूप मडगावकरांनी मे 2019 मध्ये सोनसड्याच्या कचरा डेपोवर पाहिले आहे.

पर्यटक बाटल्या टाकतात, ते खरेच आहे. पण घाटरस्त्यांच्या कडेला पडलेल्या जुन्या गाद्या, फुटक्या फरश्या, कमोड कोणाच्या घरचे? आमच्या शेजारी स्वयंपाकघर नव्याने बांधले, तेव्हा राडारोडा एका टेम्पोवाल्याला पैसे देऊन उचलायला लावला. आठवड्याने तोच ढीग वहाळाच्या काठी दिसला. शेजाऱ्यांनी फसवायचे म्हणून काही केले नव्हते. पैसे दिले म्हणजे काम झाले, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले होते. नियम सांगतो की कचरा अधिकृत उचलणाऱ्याकडेच द्यायचा. तेव्हा टेम्पो ठरवताना पहिला प्रश्न भाड्याचा नको, माल कुठे उतरवणार, हा हवा.

आता गाडीत एकत्र होण्याचे. साळगावच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यापासून वीज होते. पुनर्वापर न होणारा सुका कचरा कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत इंधन म्हणून जातो. माशांच्या पाण्यात भिजलेला पुठ्ठा मात्र भंगारवालाही घेत नाही. म्हणून वेगळे केलेले गाडीत मिसळले जात असेल, तर पंचायत आपले कर्तव्य मोडते आहे, आणि तिला तसे लेखी विचारायचा अधिकार आपल्याला आहे. तिचे चुकले म्हणून आपले कर्तव्य रद्द होत नाही. पण स्वतः वेगळा न करणाऱ्याने हा प्रश्न कोणत्या तोंडाने विचारायचा? आमच्या वाड्यावरच्या अकरा घरांनी दोन महिने डबे वेगळे ठेवले आहेत. येत्या ग्रामसभेत आम्ही सह्यांचे पत्र देणार आहोत : गाडीत ओल्यासाठी वेगळा कप्पा कधी होणार, तारीख सांगा.