व्हल्कनची विरळ हवा ही नुसती सजावट नाही

'स्टार ट्रेक' या विज्ञानकथा मालिकेच्या 'अमोक टाइम' भागात (1967) व्हल्कन ग्रह केवळ पार्श्वभूमी आहे, असं या भागावरच्या एका लेखात वाचलं; ते पटलं नाही. या भागात अंतराळयानाचा व्हल्कन अधिकारी स्पॉक लग्नासाठी आपल्या ग्रहावर येतो, पण वधू टी'प्रिंग लग्नाला आव्हान देते आणि त्याच्याशी लढायला त्याच्याच कप्तानाला, कर्कला, निवडते. कथेची किल्लीच तिथल्या हवेत आहे. ती विरळ आणि तापलेली. कर्कला धाप लागते, स्पॉक मात्र तिथलाच. लिर्पा या व्हल्कन शस्त्राची पहिली फेरी थांबते तेव्हा यानाचा डॉक्टर मॅकॉय नेमकं हेच कारण पुढे करतो: विरळ हवेवर उतारा म्हणून कर्कला ट्राय-ऑक्स हे औषध टोचू द्या. असमान लढतीचा मुद्दा विधी चालवणाऱ्या टी'पाऊलाही नाकारता येत नाही. सुईत खरं तर असतं न्यूरल पॅरालायझर, म्हणजे शरीर निपचित करणारं औषध, म्हणून दुसऱ्या फेरीत स्पॉकने आह्न-वून या पट्ट्यासारख्या शस्त्राने गळा आवळल्यावर कर्क मेल्यासारखा पडतो. पृथ्वीसारख्या हवेत ही थाप पचलीच नसती!

लेखात टी'प्रिंगला 'दगाबाज' म्हणून मोकळं होणंही घाईचं वाटलं. तिला स्पॉक नको, स्टॉन हा दुसरा व्हल्कन हवा असतो. तिचा हिशोब बघा. कर्क जिंकला तर त्याला ती नकोच. स्पॉक जिंकला तर आव्हान दिल्याबद्दल तो तिला सोडणार. दोन्हीकडून स्टॉन तिचाच. स्टॉनलाच लढायला उभं केलं असतं तर तो मरण्याचा धोका होता. स्पॉक स्वतः या तर्काला निर्दोष म्हणतो, तेही चिडून नाही.