कार्ड चाललं म्हणजे खर्च मान्य झाला असं नव्हे

नमस्कार,

एचएसएच्या (वैद्यकीय खर्चासाठीच्या अमेरिकेतल्या करमुक्त बचत खात्याच्या) पैशांतून बर्फाची आंघोळ करावी का, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, तेव्हा उत्तरही जरा ऐसपैस देतो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही न्यू जर्सीत राहता. थंड पाण्याचा टब तुम्ही पाच हजार डॉलरला एचएसएच्या कार्डावर घेतलात. विकणाऱ्यांनी 'एचएसए-एफएसए पात्र' (एफएसए म्हणजे नोकरीतून मिळणारं तसंच खातं) असं ठळक लिहिलं होतं, कार्ड एका फटक्यात चाललं, आणि टब कार्टमध्ये टाकल्यावर त्यांनीच सुचवलेल्या डॉक्टरचं पत्र ईमेलने आलं. तुमचं म्हणणं, पाठीला आराम आहे, कर वाचल्याने तीस टक्के पैसेही वाचले. आणि मी मात्र 'आयआरएसचा बागुलबुवा दाखवून मराठी माणसाला आणखी भित्रा' करतो आहे (आयआरएस म्हणजे अमेरिकेचं करखातं).

पाठीला आराम पडला हे उत्तमच. व्यायामानंतरची अंगदुखी थंड पाण्यात बसल्याने कमी होते असं वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२च्या आढाव्यातही दिसलं होतं, जरी त्यातले अभ्यास लहान होते. पण गुण येतो की नाही, एवढ्यावर करकायद्यात निकाल लागत नाही. अमेरिकी करकायद्याचं कलम २१३(डी) पाहतं ते खर्चाचं कारण: रोगाचं निदान, उपचार, शमन किंवा प्रतिबंध, अथवा शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम घडवणं. प्रकृतीला एकंदरीत चांगलं, एवढं कारण पुरत नाही हे आयआरएसच्या ५०२ क्रमांकाच्या पुस्तिकेत लिहिलेलंच आहे, आणि तिथे उदाहरणं आहेत व्हिटॅमिनच्या गोळ्यांची आणि सुट्टीवर जाण्याची. २०२५च्या मोठ्या करविधेयकात जिमचा खर्च एचएसएतून चालावा अशी तरतूद प्रतिनिधीगृहाने घातली होती. अंतिम कायद्यात ती गळली. जिमची ही गत, तर टबाचं काय?

तुमचा एक मुद्दा मात्र अगदी रास्त आहे: थंडीचे सगळे उपचार म्हणजे चोचले नव्हेत. त्वचारोगतज्ज्ञ द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ काढतो, तो खर्च बिनदिक्कत एचएसएतून करा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सर्जनने थंड पाणी खेळवणारं यंत्र लावायला सांगितलं, तर तेही करा. आणि केमोथेरपीत केस गळू नयेत म्हणून डोक्याला घालायची थंड टोपी. स्तनाच्या कर्करोगासाठी अशा यंत्रणेला एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने) २०१५च्या डिसेंबरमध्ये मान्यता दिली. विमा कंपन्या तिचे पैसे द्यायला पुष्कळदा कां-कूं करतात आणि बाईला ते खिशातून भरावे लागतात. एचएसए नावाची गोष्ट माझ्या मते अशा वेळेसाठी आहे. (रोगामुळे सगळे केस गेलेल्या रुग्णाच्या मनःस्वास्थ्यासाठी डॉक्टरने सांगितलेला विगसुद्धा त्याच पुस्तिकेत मान्य आहे.)

आता उलट बाजू. पोटावरची चरबी गोठवून घटवण्याच्या यंत्रालाही एफडीएची परवानगी आहे, ते दवाखान्यातच वापरतात, तरी तो खर्च बसत नाही, कारण हेतू सौंदर्याचा. म्हणजे थंडी तीच, ठरतं ते कशासाठी यावर. आणि सबंध शरीर थंड वाफेच्या कोठडीत उभं करण्याची जी टूम आहे, तिच्याबद्दल एफडीएने २०१६ सालीच सांगितलं होतं की वैद्यकीय उपचारासाठी असं एकही यंत्र आम्ही मान्य केलेलं नाही, फायद्याचा पुरावा अपुरा आहे आणि धोके आहेत. त्याच्या आदल्या वर्षी नेवाडात अशा कोठडीत एक कर्मचारी दगावली होती.

पत्राबद्दल. मार्च २०२४ मध्ये आयआरएसने एक इशारा काढला, तो नेमका तुमच्यासारख्या व्यवहारांवर आहे. त्यातल्या उदाहरणात मधुमेही माणूस जाहिरात पाहून एका कंपनीला गाठतो, पैसे भरतो, स्वतःच भरलेल्या माहितीवर त्याला डॉक्टरची चिठ्ठी मिळते, आणि एफएसएचे व्यवस्थापक दावा फेटाळतात. बघा, त्या माणसाला मधुमेह खराखुरा होता! तरीही चिठ्ठी टिकली नाही. तुमची पाठ ज्याने तपासली, एमआरआय पाहिला, त्या डॉक्टरने आधी निदान लिहावं, या दुखण्यावर हा टब का आणि किती दिवस ते लिहावं, मग खरेदी व्हावी. हे दुखणं नसतं तर मी हा टब घेतलाच नसता, असं तुम्हाला दाखवता यायला हवं. तुमच्या बाबतीत आधी कार्ट, मग पत्र. हा क्रम मी नाही, तुम्हीच लिहिला आहे.

आणि कार्ड? कार्डाला तुमची पाठ दिसत नाही. एफएसएत कुणीतरी कागद मागतो. एचएसएत बँक सहसा विचारत नाही, ती फक्त किती रक्कम काढली ते १०९९-एसए फॉर्मवर आयआरएसला कळवते. ती कशासाठी काढली हे ८८८९ फॉर्मवर तुम्ही सांगायचं आणि पावत्या तुम्हीच सांभाळायच्या. तुमचा तीस टक्क्यांचा हिशेब ठीक आहे, पगारातून भरलं की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे करही वाचतात. पण खर्च अमान्य झाला आणि तुम्ही आयकराच्या २४ टक्क्यांच्या टप्प्यात, पासष्टीच्या आत असाल, तर पाच हजारांवर १,२०० डॉलर कर आणि २० टक्के दंडाचे १,००० असे २,२०० जातील, व्याज वेगळं. शिवाय न्यू जर्सी (आणि कॅलिफोर्निया) एचएसएला राज्याच्या करात सूट देतच नाही. एडिसन आणि बे एरियातल्या आपल्या किती मंडळींना हे रिटर्न भरताना पहिल्यांदा कळतं!

भित्रेपणाचं म्हणाल, तर माझं पुण्यातलं रूट कॅनाल मी एचएसएतून केलं आहे. परदेशातला उपचार चालतो. पावती जपून ठेवली आहे.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'एवढं असेल तर पुढच्या वर्षी बायकोच्या ऑफिसच्या एफएसएतून घेईन.' थांबा. ती एफएसए साधी, सर्व वैद्यकीय खर्चाची असेल आणि त्यातून तुमचेही खर्च भरता येत असतील, तर त्या काळात तुम्हाला एचएसएत पैसे भरण्याचा अधिकारच नाही, तुम्ही त्यातून एक डॉलरही काढला नाही तरी. भरलेली रक्कम जादा ठरते आणि काढून घेतली नाही तर दरवर्षी ६ टक्के कर लागत राहतो. फक्त दात आणि डोळ्यांपुरती मर्यादित एफएसए असेल तर अडचण नाही. कोणती आहे ते त्यांच्या एचआरला आजच विचारून घ्या, आणि साधी निघाली तर टबाच्या आधी हे प्रकरण सीपीएकडे (परवानाधारक हिशेबनिसाकडे) न्या.