प्रशिक्षक बदलला की संघ जिंकतो, असे कोणी सांगितले?

माझा भाचा नववीत आहे. डेक्कनजवळच्या एका मैदानावर तो रोज संध्याकाळी बास्केटबॉल खेळतो आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे सहाला उठून अमेरिकेतल्या एनबीएचे सामने पाहतो. गेल्या रविवारी पोह्यांची बशी हातात धरूनच त्याने मला विचारले, "मामा, आम्ही सलग चार मॅच हरलोय. आमच्या सरांना बदलायला नको का?" हे त्याच्या डोक्यात आले ते पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणाऱ्या एका पाचकलमी मजकुरामुळे. "हरणाऱ्या संघाचे औषध एकच: प्रशिक्षक हटवा" असे त्याचे शीर्षक आहे. एका आठवड्यात तो मला तीन जणांनी पाठवला आणि तिसरे पाठवणारे माझे मेहुणे, म्हणजे या मुलाचे वडीलच, होते. त्यामुळे गप्प बसणे शक्य नव्हते.

पहिले कलम डेट्रॉइट पिस्टन्सचे आहे आणि सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. २०२३-२४ च्या हंगामात हा संघ ८२ पैकी केवळ १४ सामने जिंकला, मग प्रशिक्षक माँटी विल्यम्स यांना काढले आणि पुढच्याच हंगामात ४४ विजय मिळाले, असा दाखला त्यात दिला आहे. आकडे खरे आहेत, एवढे मला मान्य करावे लागते. मात्र लिहिणाऱ्याने गोष्ट मध्यापासून सांगितली आहे, कारण विल्यम्स हे स्वतःच बदली म्हणून आणलेले प्रशिक्षक होते. त्यांच्या आधी ड्वेन केसी यांच्या हाताखाली संघ १७ सामने जिंकला होता. त्यानंतर विल्यम्स यांच्याशी ६ वर्षांचा, ७.८५ कोटी डॉलरचा करार झाला, संघ सलग २८ सामने हरला आणि विजय १७ वरून १४ वर आले. औषधाच्या पहिल्या मात्रेने रोगी आणखी खंगला, आणि मजकुरात हकिकत आहे ती फक्त दुसऱ्या मात्रेची!

बरे, हे विल्यम्स काही नवखे नव्हेत. त्यांनी २०२१ मध्ये फीनिक्स सन्सला अंतिम फेरीत नेले होते आणि पुढच्या हंगामात ६४ सामने जिंकून वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान मिळवला होता. फीनिक्सने २०२३ मध्ये ४५ विजयांनंतर त्यांना काढले, त्यांच्या जागी आलेल्या फ्रँक व्होगेल यांना ४९ विजयांनंतर काढले आणि त्यांच्यानंतरच्या माइक बुडनहोल्झर यांना ३६ विजयांनंतर. व्होगेल व बुडनहोल्झर हे दोघेही अन्य संघांना विजेतेपद मिळवून देऊन आलेले होते. विल्यम्स यांच्यानंतर डेट्रॉइटला सावरणारे जे. बी. बिकरस्टाफ यांना तर क्लीव्हलंडने २०२४ च्याच उन्हाळ्यात काढून टाकले होते, म्हणजे मजकुराच्या हिशेबाने तेही टाकाऊच. त्या उन्हाळ्यात डेट्रॉइटमध्ये प्रशिक्षकाखेरीज व्यवस्थापनाचा प्रमुखही बदलला, टोबायस हॅरिस आणि मलिक बीझली यांच्यासारखे अनुभवी खेळाडू आले आणि केड कनिंगहॅम हा तरुण खेळाडू ऐन भरात आला. एवढ्या सगळ्यांचे श्रेय एकाच हकालपट्टीच्या खात्यावर मांडणे हा हिशेब नव्हे.

दुसरे कलम सर्वांत घातक आहे आणि भाच्याने उचलले तेही हेच. "सलग ६ सामने हरणाऱ्या संघाने प्रशिक्षकाला सातवा सामना देऊ नये, विजेते संघ धीर धरत नाहीत." ओक्लाहोमा सिटी थंडरने हा नियम पाळला असता तर काय झाले असते ते पाहा. प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्ट यांच्या पहिल्याच हंगामात, २०२०-२१ मध्ये, हा संघ सलग १४ सामने हरला आणि ७२ पैकी २२ जिंकला. पुढच्या हंगामात, २ डिसेंबर २०२१ रोजी, मेम्फिसने त्याला १५२-७९ असे हरवले. हा ७३ गुणांचा फरक एनबीएच्या इतिहासातला सर्वांत मोठा आहे. त्या हंगामाअखेर विजय २४ होते. तरीही प्रशिक्षक तेच राहिले आणि नंतरच्या तीन हंगामांत विजयांची संख्या ४०, ५७ आणि ६८ झाली. जून २०२५ मध्ये इंडियानाला सात सामन्यांच्या मालिकेत हरवून ओक्लाहोमाने विजेतेपद मिळवले. अर्थात त्यामागे शे गिल्जस-अलेक्झांडरसारखा खेळाडू आणि हेतुपुरस्सर जमवलेली तरुण मुले होती, पण मी म्हणतो ते हेच आहे: संघ कशामुळे हरतो हे आधी शोधावे लागते. ओक्लाहोमा हरत होते, कारण ते संघ घडवत होते, आणि हे त्यांच्या व्यवस्थापनाला ठाऊक होते.

काढल्यानंतर निकाल सुधारल्याचा भास का होतो, याचेही उत्तर आहे. नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी तिथल्या फुटबॉलमधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या हकालपट्ट्या तपासल्या आणि त्यांच्या शेजारी तितकीच घसरण होऊनही प्रशिक्षक न बदललेले संघ ठेवून पाहिले. न बदलणारेही तसेच सावरले होते. खेळ वेगळा आहे हे मला ठाऊक आहे, पण प्रशिक्षकाला काढले जाते तेच मुळी संघ तळाला असताना, आणि तळातून वाट बहुधा वरच जाते, हे बास्केटबॉललाही लागू पडते.

तिसरे कलम म्हणते की खेळाडू तेच असतात, म्हणून दोष प्रशिक्षकाचाच. खेळाडू तेच राहतात कारण त्यांचे करार हमीचे असतात आणि संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. प्रशिक्षकाचा पगार त्या मर्यादेत धरला जात नाही. जो सहज काढता येतो त्याला काढतात, एवढाच त्याचा अर्थ. काढायला काही खर्च येत नाही, या चौथ्या कलमावर तर हसावे की रडावे कळत नाही. एका हंगामानंतर काढलेल्या विल्यम्स यांच्या कराराची ५ वर्षे उरली होती, आणि काढल्याने तो करार रद्द होत नाही.

भर हंगामात प्रशिक्षक बदलूनही विजेतेपद मिळते, या पाचव्या कलमात थोडे तथ्य आहे. क्लीव्हलंडने जानेवारी २०१६ मध्ये भर हंगामात डेव्हिड ब्लॅट यांना काढले, टायरन लू यांना नेमले आणि त्याच वर्षी विजेतेपद मिळवले. खेळाडू आणि प्रशिक्षक यांचा सूर जुळत नसेल तर बदल करावाच लागतो, हे मी नाकारत नाही. परंतु ब्लॅट गेले तेव्हा तो संघ ३० सामने जिंकलेला आणि ११ हरलेला, आपल्या विभागात सर्वांत वर होता. मजकुराचे शीर्षक मात्र हरणाऱ्या संघाबद्दल आहे, आणि ते मेहुण्यांनी पुढे पाठवण्याआधी एकदा वाचायला हवे होते.