50 हजार नंबर घ्या आणि स्वतःचा घालवा

सांगलीतल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘दुकान, पाटी, जाहिरात विसरा. 2,999 रुपयांत बल्क सॉफ्टवेअर आणि 50 हजार गिऱ्हाइकांचा डेटा. ग्रीन टिक काढून देऊ. 10 हजार फॉलोअर्स फ्री. व्हॉट्सॲपवरच्या विक्रीला जीएसटी नाही.’ घरून भडंग आणि हळदपूड विकणाऱ्या मावशीने ‘भरू का रे पैसे?’ विचारलं, म्हणून हा खटाटोप.

आधी ते 50 हजार. बल्क सॉफ्टवेअर म्हणजे हजारोंना एकदम मेसेज धाडणारं. ते लॅपटॉपवर उघडलं की क्यूआर येतो, तो मोबाईलच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून स्कॅन करायचा. म्हणजे साधं व्हॉट्सॲप वेबच, टाइप करायला माणसाऐवजी प्रोग्राम. समोरच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नसतो, त्यामुळे मेसेज उघडताच त्याला ‘ब्लॉक’ आणि ‘रिपोर्ट’ची बटणं दिसतात. पटापट रिपोर्ट पडले की नंबर बंद. ‘दोन मेसेजमध्ये 30 सेकंदांचा गॅप ठेवा’ ही विकणाऱ्यांची युक्ती. अहो, रिपोर्ट माणसं करतात, त्यांना तुमच्या गॅपचं काय?

घाऊक मेसेज नियमाबाहेर आहेत आणि 7 डिसेंबर 2019 पासून असं करणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई करू, हे व्हॉट्सॲपनेच जाहीर केलेलं आहे. आयटी नियम 2021 प्रमाणे कंपनी दरमहा अहवाल देते, त्यात भारतातली बंद केलेली खाती लाखांनी असतात.

आणि बंद होणारा नंबर कुठला? पाव किलोच्या पाऊचवर छापलेला, पाटीवर रंगवलेला, गेल्या दिवाळीच्या गिऱ्हाइकांनी सेव्ह केलेला. ॲपमधून ‘रिव्ह्यू’ मागता येतो, पण नंबर सुटेलच असं नाही. तोवर पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी दुसरीकडे गेलेल्या असतात.

साधा हिशेब बघा. अधिकृत मार्गाने जाहिरातीचा एक मेसेज सगळं धरून रुपयाभराच्या आसपास पडतो, तोही गिऱ्हाइकाची संमती असेल तरच. 50 हजारांचे 50 हजार रुपये होतात. ते 2,999 मध्ये कोण देणार?

एक मात्र मान्य करावं लागेल: भडंग, बेदाणे, फराळ यांच्या बाहेरगावच्या ऑर्डरी आता मोबाईलवरच येतात. पण त्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे फुकटचं ॲप पुरतं. कॅटलॉगमध्ये वजनासकट फोटो टाका आणि हळदीचा भाव हलला की त्याच दिवशी तिथला दर बदला. जुना दर राहिला की वाद ठरलेला. ‘पैसे आले’, ‘कुरिअर गेलं’ अशी लेबलं लावली की कुणाचं पार्सल राहिलंय ते एका नजरेत कळतं. एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा धाडणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीत 256 नावं बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. ‘पाठवलं तरी कुणी बघत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच. पाऊच हातात देतानाच नंबर सेव्ह करून घ्या.

जीएसटीचं तर धादांत खोटं. कर मालावर आणि उलाढालीवर ठरतो, ऑर्डर गल्ल्यावर आली की मोबाईलवर याच्याशी त्याला देणंघेणं नाही. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला 40 लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे. पण हळदपुडीसारखा करपात्र माल अथणी-बेळगावला विकून पाठवला, तर तो आंतरराज्य व्यवहार. तिथे रक्कम कितीही असो, नोंदणी लागते. मिरजेपासून हद्द किती लांब आहे ते सांगायला नको. खाण्याच्या मालाच्या पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी नंबरही हवाच, विक्री कुठूनही करा.

ग्रीन टिक, म्हणजे नावापुढची ‘खातं खरं आहे’ सांगणारी खूण? ती 2024 मध्येच निळी झाली आणि तिची वर्गणी थेट कंपनीकडे भरायची असते, एजंटाकडे नाही. फुकटचे फॉलोअर्स म्हणजे बहुतेक बनावट खाती. ती ना पोस्ट बघतात, ना पाव किलो भडंग मागवतात.

ज्यांनी क्यूआर आधीच स्कॅन केलाय त्यांनी आत्ता ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा. ओळखीचं नाही ते प्रत्येक डिव्हाइस लॉग आउट करा. तोवर तुमच्या गिऱ्हाइकांचे चॅट, पत्ते आणि पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट त्या सॉफ्टवेअरवाल्याच्या हाताशी आहेत. नंतर सेटिंग्जमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. पाऊचवर छापलेला तो पिनकोड तेवढा ठेवू नका.