वांग्याचं पाणी बकुळीला पुरत नाही

नमस्कार काका,

तुमचा रिव्ह्यू वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. ऑक्टोबरात तुम्ही आणि काकू आमच्या नर्सरीतून वांग्याची रोपं आणि बकुळीचं एक झाड घेऊन गेलात. सगळं एकाच वाफ्यात लावलंत. रोज संध्याकाळी प्रत्येकाला तांब्याभर पाणी आणि महिन्यातून एकदा मूठभर युरिया. वांगी धरली, पण बकुळ पाच महिन्यांत वीतभरही वाढली नाही, आणि वांग्याची दोन झाडं उभीच्या उभी सुकली. म्हणून 'रोगट माल विकतात' असं लिहून दोन स्टार दिलेत, आणि बकुळ आता उपटून टाकणार म्हणालात.

आधी एक विनंती. बकुळ उपटू नका, ती जिवंत आहे. तिसऱ्या फोटोत शेंड्याला तपकिरी कोंब स्पष्ट दिसतोय. खात्री करायची तर एखाद्या काडीची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं की काळजीचं कारण नाही.

तुम्ही जे केलंत ते वांग्याच्या दृष्टीने बऱ्यापैकी बरोबर आहे. वांग्याचं सगळं आयुष्य काही महिन्यांचं. रोप लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत पहिलं फळ आणि मग तोडे सुरू. एवढ्या घाईत वाढणाऱ्या झाडाची खाणारी मुळं बहुतेक वरच्या फूटभर मातीतच असतात, म्हणून ती माती सुकू द्यायची नाही, थोडं थोडं खत देत राहायचं आणि दिवसाला सहा-आठ तास ऊन मिळेल अशी जागा द्यायची. तुमचा रोजचा तांब्या त्याला मानवला. मूठभर युरिया मात्र जास्त होतो. पाला काळाभोर आणि फळ कमी, असं होतं. शिवाय आपली जांभ्याची माती मुळातच आंबट, दरवर्षीचा तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस तिच्यातला चुना धुऊन नेतो, आणि युरियाने ती आणखी आंबट होते. त्यापेक्षा कुजलेलं शेणखत द्या आणि चुलीतली राख असेल तर चिमूट-चिमूट टाका.

बकुळीचं गणित पूर्ण वेगळं. तिला शंभर वर्षं उभं राहायचंय, फळाची घाई नाही. पिशवीतून जमिनीत गेल्यावर पहिलं वर्ष-दोन वर्षं ती खाली वाढते, वर आपल्याला काही दिसत नाही. दोन फुटी खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतलं तर वरची चार बोटं माती भिजते, खालची कोरडीच. मुळं ओल असेल तिथेच जातात. रोज वरवर शिंपलं तर ती वरच पसरतात, एप्रिल-मे मध्ये तीच आधी करपतात, आणि झाडाची पकडही घट्ट बसत नाही. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तुम्ही ऐकलं असेल, इथे आम्ही ते पाहिलं. दापोली-मंडणगडकडे जुन्या जाणत्या बागा आडव्या झाल्या. तसल्या वाऱ्यापुढे खोल मूळसुद्धा कधी कधी टिकत नाही, मग उथळ मुळाचं काय सांगायचं? आमच्याकडचं सावलीचं झाड घराजवळ लागणार असेल तर पाण्याबद्दल मी इतकी मागे लागते ती याचसाठी.

तर आजपासून एवढं करा. बकुळीभोवती दीड-दोन हात रुंद आळं करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यात दीड बादली पाणी सावकाश सोडा, एकदम ओतू नका. तासाभराने बाजूला काठी खुपसून बघा, वीतभर खाली माती ओली लागली पाहिजे. पुढच्या वर्षी आळं बाहेर सरकवा आणि पाण्यातलं अंतर वाढवा. युरिया बंद. पहिला पाऊस पडला की एक घमेलं शेणखत पुरे.

दुसरी गोष्ट फोटोतच दिसली. वांग्यांना भर देताना तुम्ही बकुळीच्या बुंध्यालाही माती चढवलीत. वांग्याला भर दिली तर आधार मिळतो, ते चांगलंच. झाडाचा बुंधा मात्र मातीत दाबला की तिथली साल कुजते, आणि आपल्याकडे वाळवीला तेवढं निमित्त पुरतं. माती बाजूला करा, मूळ जिथून सुटतं तो फुगीर भाग उघडा दिसला पाहिजे. पातेऱ्याचं, म्हणजे वाळक्या पानांचं आच्छादन जरूर घाला, पण बुंध्यापासून चार बोटं लांब. मेअखेरपर्यंत दुपारच्या उन्हाच्या बाजूला नारळाच्या झावळीचा एक झाप उभा करा. लहान बकुळीला थोडी सावली आवडते. वांग्यावर मात्र झाप धरू नका, फुलं गळतील.

तुमचं घर कातळावर आहे असं तुम्ही तेव्हा म्हणाला होतात. खड्डा कातळात खणलेला असेल तर पावसात तो हौदासारखा भरतो आणि मुळं गुदमरतात. मिरगाच्या आधी उताराच्या बाजूने पाणी बाहेर जाईल असा चर काढून घ्या. हे विसरू नका, उन्हाळ्यातून तगलेली झाडं मी जुलैत मरताना पाहिली आहेत.

आता सुकलेल्या वांग्यांबद्दल. संध्याकाळपर्यंत हिरवीगार आणि दोन दिवसांत पानं न पिवळी होता लुळी पडली, हे तुमचं वर्णन मर रोगाशी जुळतं. या रोगाचा जिवाणू मातीत राहतो, आणि कोकणातली उबदार, ओली, आंबट माती त्याला फार मानवते. आमची रोपं ट्रेमध्ये कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या भुशावर वाढतात आणि तुमची सुकलेली दोन्ही झाडं शेजारी-शेजारी आहेत, म्हणून रोग जमिनीतून आला असं माझं मत आहे. पण माझ्या मतावर जाऊ नका. आणखी एखादं लुळं पडलं तर जमिनीलगतचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगून धरा. काही मिनिटांत कापातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले तर मर रोगच. तसं झाड मुळासकट काढून जाळा, खतखड्ड्यात टाकू नका. त्या जागी पुढे टोमॅटो-मिरचीही नको, ती वांग्याच्याच कुळातली. मका किंवा चवळी घ्या. पुढच्या हंगामात मी तुम्हाला अर्का केशव किंवा अर्का निधीची रोपं देईन, या जाती मर रोगाला दाद देत नाहीत. गेलेल्या दोन रोपांच्या बदल्यात त्यातल्या दोन रोपांचे पैसे तुमच्याकडून घेणार नाही.

पडवीवर दुपारी सावली हवी म्हणालात म्हणून मी बकुळ सुचवली, आणि आज विचारलंत तरी तीच सुचवेन. गुलमोहर भराभर वाढला असता, पण ऐन उन्हाळ्यात त्याची पानं झडतात आणि वाऱ्यात फांद्या कौलांवर मोडून पडतात. बकुळ बारमाही हिरवी, सावली दाट, लाकूड चिवट. वेळ लागतो हे खरं, आणि तो वेळ तिला देण्यासारखा आहे असं मला मनापासून वाटतं.

जागा बदलायची तर वाफ्याची बदला. वांगी काढून झाली की वाफा अंगणाच्या मोकळ्या उन्हात न्या. म्हणजे खुरपणीने बकुळीची बारीक मुळंही तुटणार नाहीत. पुढे तिची सावली पडू लागली की तिथे अळू आणि हळद छान येईल.

पावसाआधी तुमच्याकडे येऊन आळं आणि चर बघून जाईन, त्याचे पैसे नाहीत. बिलावरच्या नंबरवर सकाळी फोन करा, दुपारी आम्ही रोपांना पाणी घालत असतो. मी येण्याआधी खड्ड्यातली मूठभर माती पिशवीत काढून ठेवा, कृषी विद्यापीठाकडे तपासायला देऊ.