विज्ञान विद्याशाखा बघायची तर प्रॅक्टिकलच्या टेबलाशी उभं राहा

प्रवेशाचे दिवस आले की ओळखीपाळखीचे आईबाप हमखास विचारतात, "मॅडम, बी.एस्सी.ला टाकावं का पोरीला? काही राहिलंय का आता तिथे?" मी केमिस्ट्री शिकवते. आधी भंडारा जिल्ह्यात शिकवत होते, आता नागपुरात शिकवते. त्यामुळे हा प्रश्न मला लागतो. म्हणून यावेळी एकेकाला फोनवर समजावण्यापेक्षा सविस्तर लिहायचं ठरवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: विद्यापीठाची विज्ञान विद्याशाखा जोखायची असेल तर नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) श्रेणी आणि क्रमवारीतला आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात दुपारी बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला जा आणि मुलामुलींच्या हाताला काय लागतंय ते बघा. आपल्या नागपूर विद्यापीठाची सगळी मंडळं, परिषदा आणि बैठका त्या टेबलापर्यंत पोचतात की वाटेतच संपतात, ते तिथे दिसतं. माझ्या अनुभवात बऱ्याचदा वाटेत संपतात.

विद्याशाखा म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगते, कारण शिकवणाऱ्यांतही याबद्दल बराच गोंधळ आहे. विद्याशाखा, म्हणजे फॅकल्टी, हा विद्यापीठातला विषयांचा मोठा गट. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ लागू झाला आणि विद्याशाखा चारच राहिल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. १९९४ च्या कायद्याच्या काळात आपली विज्ञान विद्याशाखा वेगळी होती आणि अभियांत्रिकीची वेगळी. आता भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, गणित आणि सगळं इंजिनीअरिंग एकाच अधिष्ठात्याच्या (विद्याशाखेच्या प्रमुखाच्या, म्हणजे डीनच्या) हाताखाली आहे. अधिष्ठाता पूर्वी निवडून यायचा, आपले तास सांभाळून ते काम बघायचा. आता तो पूर्णवेळ असतो, निवड समितीतून येतो आणि त्याची मुदत कुलगुरूंच्या मुदतीशी बांधलेली असते. पूर्णवेळ अधिष्ठाता ही चांगलीच सुधारणा आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. निवडणुकांच्या काळात पॅनल, गट आणि जेवणावळी यांत किती चांगली माणसं खर्ची पडली, ते जुन्या लोकांना माहीत आहे.

तक्रार आहे ती एकत्र बांधण्याबद्दल. इंजिनीअरिंगच्या डोक्यावर एआयसीटीई ही तंत्रशिक्षणाची परिषद आहे, फार्मसीला पीसीआय ही फार्मसी परिषद आहे. प्रयोगशाळा केवढी हवी, शिक्षक किती हवेत, यंत्रं कोणती हवीत, हे त्या परिषदा ठरवतात आणि ते नसेल तर जागा कमी करतात. साध्या बी.एस्सी.साठी असं विचारणारं दिल्लीतलं वेगळं दार नाही. प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शक किती चालू आहेत, हे विचारणारं आपलं घर म्हणजे विज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा होती. आता एका बैठकीच्या विषयपत्रिकेत संगणक अभियांत्रिकीचे नवे अभ्यासक्रम पुढे असतात आणि मूलभूत विज्ञान मागे सरकतं. यात कुणा व्यक्तीचा दोष नाही. रचनाच अशी झाली की ज्याच्यामागे नियामक संस्था आहे त्याचा कागद आधी हलतो.

अभ्यासक्रम अभ्यास मंडळात तयार होतो. तिथे विद्यापीठ विभागाचे प्रमुख असतात, संलग्न कॉलेजांतले विभागप्रमुख निवडून येतात, काही शिक्षक नामनिर्देशित होतात, बाहेरचे तज्ज्ञ असतात, उद्योगातलीही माणसं घेता येतात. मंडळाची शिफारस विद्याशाखेकडे, तिथून विद्वत परिषदेकडे, आणि मग अंमलबजावणी. वाट चांगली आहे. तिच्या शेवटी मात्र एक पान येतं, प्रॅक्टिकलच्या यादीचं. थिअरीच्या युनिटवर तासन् तास भांडणारी मंडळी या पानाशी येईपर्यंत दमलेली असतात. मग मागच्या अभ्यासक्रमातली यादी थोडी मागेपुढे करून चिकटवली जाते. मला ही गोष्ट सगळ्यात गंभीर वाटते.

कारण आपलं विद्यापीठ म्हणजे नागपुरातला अमरावती रोडवरचा कॅम्पस नव्हे. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळं झालं, २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं आणि चंद्रपूर, गडचिरोली तिकडे गेले. तरी नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया असे चार जिल्हे आपल्याकडे आहेत. बी.एस्सी.ची मुलं या चार जिल्ह्यांतल्या कॉलेजांत बसलेली असतात. कॅम्पसवर येतात ती एम.एस्सी.ला, आणि तीही निवडक.

अशाच एका कॉलेजात मी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक, म्हणून गेले होते, नाव सांगत नाही. लॅब स्वच्छ होती. एकेका टेबलावर मुलं दाटीने उभी. डिस्टिल्ड वॉटरचे कॅन बॅटरीच्या दुकानातून आणलेले. परमँगनेटचं टायट्रेशन होतं, म्हणजे एक द्रावण थेंब थेंब सोडून दुसऱ्यातला पदार्थ मोजायचा, आणि त्यासाठी काचेच्या तोटीच्याच ब्युरेटी (खुणा केलेल्या उभ्या नळ्या) लागतात, कारण परमँगनेट रबर खातं. नळीवर चिमटा लावायची ब्युरेट तिथे चालत नाही. लॅब अटेंडंट भाऊंनी सकाळीच प्रत्येक तोटी खोलून व्हॅसलिन लावून ठेवलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तीन नंबरची अजूनही गळून राहिली, तिच्यावर कोणाले बसवू नका. पोराचे मार्क जातीन."

त्या माणसाची नोकरी त्या वर्षी संपणार होती. त्यांच्या जागी कोण येणार, हे प्राचार्यांनाही माहीत नव्हतं.

प्रयोगशाळा सहायक आणि परिचर यांच्या रिकाम्या जागा हा माझ्या लेखी पहिल्या क्रमांकाचा प्रश्न आहे, प्राध्यापकांच्या जागांच्याही आधीचा. सहकाऱ्यांना हे आवडणार नाही, पण मी विचार करून लिहिते आहे. शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर तासिका तत्त्वावर (सीएचबीवर) कुणीतरी येतं. सीएचबीवरची मुलं नेट-सेट होऊन, काही तर पीएच.डी. होऊन, फारच तुटपुंज्या पैशांवर मनापासून शिकवतात. त्यांच्यावर होणारा अन्याय मोठा आहे. पण निदान वर्गात कुणी उभं तरी राहतं. अटेंडंट गेला की लॅब थिजते. ०.१ नॉर्मल द्रावण करून कोण ठेवणार? सल्फ्युरिक ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये ओतायचं नाही, हे गडबडीत आलेल्या पोराला हात धरून कोण थांबवणार? सीएचबीवाल्या शिक्षकाला पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. आदल्या संध्याकाळी द्रावणं तयार करत बसण्याचा हिशेब कुठल्याच बिलात बसत नाही. मग प्रयोग 'दाखवला' जातो, एकजण करतो, बाकीचे रीडिंग उतरवतात आणि रेकॉर्ड बुकवर सह्या होतात.

आता नवीन शैक्षणिक धोरण. बी.एस्सी.ला पूर्वी तीन विषय सारख्या वजनाचे असायचे, पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) किंवा सीबीझेड (रसायन, वनस्पती, प्राणिशास्त्र). आता एक मेजर (मुख्य विषय), एक मायनर (दुय्यम विषय) आणि भोवती बाकीच्या क्रेडिटांची मोठी जत्रा. कल्पना वाईट नाही. केमिस्ट्रीच्या मुलीला दुसऱ्या विद्याशाखेतला विषय घेता येणं मला आवडतं. पण प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला सत्रात ३० तास लागतात आणि थिअरीच्या एका क्रेडिटला १५. वेळापत्रक दाटलं की कात्री लागते ती या तीस तासांना, कारण ते भरले की नाही हे बाहेरून दिसत नाही.

ज्या गोष्टीसाठी मी ही पोस्ट लिहायला घेतली, ती आता सांगते.

भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आहे, मॉइल या सरकारी कंपनीची, उघडी खाण. तिथलं मँगनीज डायऑक्साइडचं खनिज ड्राय बॅटरीच्या उद्योगाला जातं. चिखल्याची खाण त्याच जिल्ह्यात, मनसर आणि कांद्री इकडे रामटेककडे. मॉइलचं मुख्यालय नागपुरात. या खाणींच्या आसपासच्या गावांतली मुलं आपल्याकडे बी.एस्सी.ला येतात आणि पोटॅशियम परमँगनेटच्या बाटलीवरचं लेबल वाचून टायट्रेशन करतात. ते परमँगनेट ज्या खनिजापासून बनतं ते त्यांच्या तालुक्यातून ट्रक भरभरून बाहेर जातं, हे प्रॅक्टिकलमध्ये त्यांना कुणी सांगत नाही.

पायरोल्युसाइटमधलं, म्हणजे याच खनिजातलं, मँगनीज डायऑक्साइड मोजण्याचा प्रयोग जुना आहे, सोपा आहे आणि त्याला महागडं यंत्र लागत नाही. खनिज खलबत्त्यात बारीक वाटायचं, वजन करायचं, त्यात मोजून जास्तीचं सोडियम ऑक्झलेट आणि विरल सल्फ्युरिक ॲसिड घालून मंद आचेवर ठेवायचं. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येत राहतात आणि काळी पूड हळूहळू नाहीशी होते. काळे कण राहिले नाहीत की उरलेलं ऑक्झलेट गरम असतानाच परमँगनेटने मोजायचं. एरवी अशा टायट्रेशनमध्ये पहिले थेंब रंग सोडायला वेळ लावतात, मुलं घाबरतात, "मॅडम, जास्त पडलं का?" असं विचारतात. मात्र खनिजातून आलेलं मँगनीज द्रावणात आधीच असल्यामुळे इथे ती अडचण फारशी येत नाही, कारण मँगनीजचे आयन ही क्रिया स्वतःच वेगवान करतात. नुसत्या ऑक्झलेटचं टायट्रेशन शेजारच्या टेबलावर लावलं तर फरक डोळ्यांनी दिसतो. ऑटोकॅटॅलिसिस म्हणजे काय, हे त्या दोन फ्लास्कमध्ये जितकं समजतं तितकं माझ्या फळ्यावर समजत नाही. शेवटी फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. परमँगनेट गडद असतं म्हणून ब्युरेटचं वाचन वरच्या कडेवरून घ्यायचं, हेही त्यातच येऊन जातं.

पुढे मुलगी स्वतः गणित मांडते आणि आपल्या गावच्या दगडात मँगनीज डायऑक्साइड किती टक्के आहे ते काढते. हे उत्तर कुठल्याच गाइडमध्ये छापलेलं नसतं आणि शेजारच्या वहीतून उतरवता येत नाही.

मी हा प्रयोग भंडाऱ्याला असताना करून घेतला आहे. वर्गातल्या एका मुलाचे वडील खाणीवर कामाला होते. त्याने रुमालात गुंडाळून चार खडे आणले. प्रत्येक खड्याचं उत्तर वेगळं आलं आणि ते का वेगळं आलं यावर मुलं प्रॅक्टिकल संपल्यावरही भांडत होती. त्या दुपारी त्या लॅबमध्ये विज्ञान विद्याशाखा होती, असं मी ठामपणे म्हणते.

असं प्रत्येक तालुक्यात काहीतरी आहे. कोराडी-खापरखेड्याला विजेच्या केंद्रांची राख आहे, उमरेडला कोळसा आहे, नागपुरात नाग नदीचं पाणी आहे, काटोल-नरखेडला संत्र्याच्या बागांची माती आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी एकोणिसाव्या शतकात नागपूरच्या आसपास फिरून जीवाश्म आणि खनिजं गोळा करत होते आणि हा परिसर जगाच्या भूशास्त्राच्या नकाशावर गेला. छिंदवाड्याच्या मोहगाव कलानच्या दगडांतल्या जीवाश्म फळाचं वर्णन वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल सहानींनी १९४३ मध्ये केलं. नागपूरच्या ज्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा आपल्याला एवढा अभिमान, ती १९४२ मध्ये उभी राहिली ती कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून, आणि ते स्वतः खाणमालक होते. इथलं विज्ञान इथल्या जमिनीतून वर आलं आहे. त्याच मातीतल्या मुलाला आपण ओळखायला बाटलीतलं 'अननोन सॉल्ट' देऊन मोकळे होतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अभ्यास मंडळांनी प्रत्येक सत्राच्या प्रॅक्टिकल यादीत दोन जागा मोकळ्या सोडाव्यात आणि त्या कॉलेजने आपल्या परिसरातल्या नमुन्यांवर भराव्यात. परीक्षेतही त्यांना गुण असावेत, नाहीतर ते प्रयोग कुणी करणार नाही. यासाठी कायदा बदलावा लागत नाही आणि वेगळा निधी फारसा लागत नाही.

दुसरं, कॅम्पसवरच्या विभागांतली यंत्रं. स्पेक्ट्रोफोटोमीटरसारखं (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं) साधनही कित्येक कॉलेजांत नाही किंवा बंद आहे. गोंदियाची मुलं सकाळच्या गाडीने निघून एक दिवस कॅम्पसवर काम करून रात्री घरी पोचू शकतात. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत पदव्युत्तर विभागांनी संलग्न कॉलेजांच्या बॅचेस बोलवाव्यात. एम.एस्सी.च्या मुलांनी त्यांना शिकवावं, त्यांनाही त्याचे क्रेडिट द्यावेत. नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, कापूस संशोधन संस्था आहे, मृदा सर्वेक्षणाचं मुख्यालय आहे, भारतीय खाण ब्युरो आहे, सेमिनरी हिल्सवर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे. एवढ्या संस्था एका शहरात असताना बी.एस्सी.च्या मुलाने तीन वर्षांत त्यातली एकही आतून बघू नये, हे मला सहन होत नाही.

पीएच.डी.बद्दल फार लिहीत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती निघाली, त्यामुळे पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलांचा धंदा थोडा तरी मंदावेल अशी आशा आहे. गाइड प्राध्यापक असेल तर त्याच्याकडे आठ, सहयोगी असेल तर सहा, सहायक असेल तर चार विद्यार्थी, ही मर्यादाही योग्यच आहे. पण ज्याने बी.एस्सी.ला स्वतः कधी टायट्रेशन पूर्ण केलं नाही त्याला पीएच.डी.ला यंत्रापुढे उभं केलं तर तो यंत्र देईल तो आकडा लिहून आणतो. हे मी मुलाखतींच्या टेबलावर बसून बघितलं आहे.

आणि आईबापांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, बी.एस्सी.ला जरूर टाका. फक्त प्रवेशाआधी कॉलेजची इमारत बघून परत येऊ नका. लॅब उघडायला सांगा. अटेंडंट आहे का, आठवड्याला किती बॅचेस होतात, एका टेबलावर किती मुलं असतात, हे विचारा. तुम्ही विचारायला लागलात की कॉलेजं द्यायला लागतील.

पायरोल्युसाइटच्या प्रयोगाची कृती, लागणारी द्रावणं आणि गणिताचा नमुना मी मराठीत टाइप करून ठेवला आहे. केमिस्ट्रीच्या ज्या शिक्षकांना पुढच्या सत्रात घ्यायचा असेल त्यांनी कॉमेंटमध्ये कॉलेजचं गाव लिहा, पाठवते. आणि अभ्यास मंडळावर असलेल्या मित्रमैत्रिणींनो, त्या दोन मोकळ्या जागांचा विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर घ्या. मसुदा लागला तर तोही मी करून देते.